बजबजच्या नाकवाल्या मावशी

मावशी बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहत नसत; नाकाकडे पाहत. कोलकात्यातल्या मराठी कुटुंबांच्या हळदीकुंकवात आमची ओळख झाली, तेव्हा वाण हातात ठेवता ठेवता त्यांनी माझ्या नाकाचे सावकाश निरीक्षण केले आणि म्हणाल्या, "शाळेत शिकवत होतात ना? चष्म्याच्या दोन खुणा आणि मधे पट्टीने आखलेली रेघ. चुकायला जागाच ठेवलेली नाही!" साताऱ्याच्या एका शाळेत मी तेहेतीस वर्षे भूमिती शिकवली होती आणि निवृत्तीनंतर मुलाकडे न्यू टाउनला राहायला आले होते. त्या दिवसापासून त्या मला 'बाई' म्हणू लागल्या.

मावशी घरी टेडी शिवत. त्यांचे यजमान कोलकात्याजवळच्या बजबजला एका ज्यूट मिलमध्ये इंजिनिअर होते. ते गेल्यावरही त्या तिथेच, नदीजवळच्या दोन खोल्यांत राहिल्या. अस्वलाचे धड आणि हातपाय त्या मशीनवर शिवत, डोळे बाजारातून आणत. नाक मात्र हाताने आणि सर्वांत शेवटी भरत. "डोळे डझनाने मिळतात, बाई. नाक ज्याचं त्याला करून द्यावं लागतं." नाक होईपर्यंत त्या अस्वलाला कोणालाही नावाने हाक मारू देत नसत. तोवर तो कापूस आहे, असे त्यांचे म्हणणे.

त्यांच्या बाल्कनीत दोरीवर काळ्या आणि तपकिरी धाग्यांच्या लडी महिनोन्महिने उन्हात लटकत असत. शेजारची बंगाली सून वरून वाकून विचारी, "माशीमा, आज पुन्हा केस वाळत घातलेत?" मावशी हसून उत्तर देत, "तुझे गळायला लागले की यातलेच देईन हो!" मला त्यांनी कारण समजावून सांगितले. नवा काळा धागा जुन्या तोंडावर परका दिसतो. म्हणून काही धागे आधीच म्हातारे करून ठेवावे लागतात. मला ही सारी एका एकट्या बाईची प्रेमळ लहर वाटे. तसे मी कधी बोलून दाखवले नाही, एवढेच.

माझी नात जुई तेव्हा पाच वर्षांची होती. शाळेत ती इंग्रजी बोले, खाली बागेत बांगला आणि हिंदी. मराठी ती दोघांशीच बोले: माझ्याशी आणि गोटूशी. गोटू हा तिच्या जन्माआधी सुनेने एका प्रदर्शनातून आणलेला हातशिलाईचा टेडी. "गोटूला दुसरं काही कळत नाही," असे जुईने परस्पर ठरवून टाकले होते. चार-पाच वर्षांच्या चावण्याने गोटूच्या नाकाचे दोन-तीन लोंबते धागे तेवढे उरले होते.

एके सकाळी, जुई शाळेत असताना, मी ते नाक दुरुस्त करायला घेतले. तिला आनंदाचा धक्का द्यावा, हा हेतू. उरलेले धागे मी कापून टाकले, कागदावर समद्विभुज त्रिकोण काढला, तो मुस्कटावर ठेवून पेन्सिलीने गिरवला आणि नव्या काळ्या धाग्याने अठरा समांतर टाके घातले. काम निर्दोष झाले होते. आजही मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन.

जुई घरी आली, तिने टेडी उचलला, पाहिला आणि खाली ठेवला. मग पलंगाखाली वाकून पाहिले, कपाट उघडले, बाल्कनीत जाऊन आली.

"आजी, गोटू कुठे आहे?"

"अगं, हा काय! त्याचं नाक नवीन केलं मी."

"हा नाही. हा कोण आहे? तू गोटूला कुठे पाठवलंस?"

मी समजावले, उदाहरणे दिली, शेवटी थोडी रागावलेसुद्धा. ती रडली नाही. रडली असती तर बरे झाले असते. त्या रात्री ती आईजवळ झोपली आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी इंग्रजीत बोलू लागली, तेही कामापुरते. तीन दिवस घरात मराठीत माझ्याशी लहान तोंडाने कोणी बोलले नाही. सून म्हणाली, "आई, विसरेल ती." पण नातीच्या लेखी मी तिचा माणूस घालवून टाकणारी बाई झाले होते, आणि ज्या हातांनी हे केले त्यांना ते पूर्ववत कसे करावे हे ठाऊक नव्हते.

मी मावशींना फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "जुने धागे?"

"कचऱ्यात गेले."

"बरं. आता काही उसवू नका. कात्री कपाटात ठेवा आणि स्वतः तिच्यापासून लांब बसा. मी येते."

बजबजहून लोकलने सियालदह आणि तिथून बसने न्यू टाउन, असा प्रवास करून चौऱ्याहत्तर वर्षांच्या मावशी दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. पाणी पिऊन त्यांनी गोटूला मांडीवर घेतले आणि माझे अठराही टाके एकेक करून उसवले. मग भिंग लावून कितीतरी वेळ नुसते पाहिले. "आधी वाचायचं, बाई, मग लिहायचं. हे तुम्ही पोरांना शिकवलं असेलच." माझी भोके बारीक आणि स्वच्छ होती, जुनी रुंद, कडेने मळलेली. प्रत्येक जुन्या भोकात त्यांनी एकेक टाचणी उभी केली.

जुई दारातून पाहत होती. न राहवून ती मराठीत म्हणाली, "त्याला दुखतंय."

"नाही गं. जिथे आधीच वाट आहे, तिथेच ठेवलीय. ये, मोज बघू."

टाचण्यांची आकृती पूर्ण झाली, आणि मी पाहिले की ते नाक कधीच त्रिकोण नव्हते. डावी बाजू खाली उतरलेली होती आणि एक टाचणी बाकीच्यांपासून दूर, अगदी एकटी होती. शिवणाऱ्याचा हात चुकला असावा, असे मी म्हणणार होते. तेवढ्यात जुईने तिथे बोट ठेवले. "इथे तो हसतो."

मावशींनी माझ्याकडे पाहिले. पिशवीतून त्यांनी उन्हात पिकलेली एक तपकिरी लड काढली. मधला टाका आधी, मग एक इकडे, एक तिकडे; एकाच बाजूने सलग गेले तर नाक ओढले जाते. शेवटी तो दूरचा, लांब टाका. जुईने गोटूला उचलले, त्याच्या नाकाला नाक लावले आणि दरडावून विचारले, "कुठे गेला होतास रे?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले.

त्यानंतर वर्षभर दर शनिवारी मी बजबजला जात होते. मावशींनी मला नाके भरायला शिकवली आणि पहिली सात उसवायला लावली. "सुबक आहेत हो. पण सगळी तुमचीच नाकं आहेत!" आठवे त्यांनी ठेवून घेतले.

मग त्यांना दोन जिने चढवेनात. धाकट्या बहिणीकडे नागपूरला कायमचे जायचे ठरले, आणि आम्ही त्यांना निरोप द्यायला हावड्याला गेलो. काखेत गोटू घेतलेली जुई खिडकीशी उभी होती. तिने चिंतेने विचारले, "मावशीआजी, तुम्ही गेल्यावर ह्याचं नाक परत तुटलं तर?"

मावशी खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही आहे ना."

जुई वळली आणि तिने मला नखशिखांत न्याहाळले. तेहेतीस वर्षांत मी असंख्य मुलांचे निकाल लावले. ती मुले फळ्यासमोर उभी असताना त्यांना काय वाटत असेल, हे मला त्या फलाटावर कळले. गाडी हलली. जुईने हात हलवण्यासाठी गोटूला माझ्याकडे दिले आणि खिडकीकडे तोंड करून ओरडली, "हो! आजीला आता येतं!"