स्टेपनीची बाजू

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नजर कडेकडेनं संपत चालली होती आणि माझी मोटार काही संपत नव्हती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, काचबिंदूनं गेलेलं परत येत नाही, उरलंय ते टिकवू. किती दिवस, हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

मोटार म्हणजे आमची जुनी काळी गाडी. मी पाच वर्षांची असताना विकलेली. तिची हातभर लांबीची प्रतिकृती मी जे. पी. नगरच्या घरात वरच्या खोलीत बसून करत होते. विकतचा एकही भाग नाही. पितळी पत्रा कापून दारं, गिटारच्या तारांचे चाकांचे आरे, जुन्या पर्सच्या चामड्याच्या सीटा. बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून ट्रॅफिकमध्ये रखडत घरी यायचं आणि जेवणाआधी तासभर कानस घेऊन बसायचं. आई म्हणायची, "लहानपणी भातुकली खेळली नाहीस, ती आता पन्नाशीत चाललीय." अण्णांना यातलं काही माहीत नव्हतं. जिन्याच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्यापासून ते वर येत नव्हते. दिसतंय तोवर त्यांच्यापुढे गाडी ठेवायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आधाराला एकच फोटो होता, दसऱ्यातल्या आयुधपूजेचा. गाडीला केळीचे खांब बांधलेले, झेंडूच्या माळेखाली नंबरप्लेट बुडालेली, काचेवर ऊन चमकत असल्यानं आतलं काही दिसत नव्हतं. शेजारी तरुण अण्णा. जुनी प्रत कधीच हरवली होती, पण मूळ निगेटिव्ह ट्रंकेत सापडली, तिच्यावरून मीच घरी फोटो काढून मोठा केला. अण्णांची उंची पाच फूट सात इंच. त्यावरून बॉनेट किती, दार किती, सगळं हिशेबानं काढलं. आठ महिने मी त्यांचा पट्टीसारखा उपयोग केला.

शेवटचा रंग वाळत होता त्या रविवारी सकाळी मी अण्णांच्या शर्टाला बटण लावत बसले होते. सहज फोटोकडे लक्ष गेलं आणि सुई तशीच राहिली. फोटोतल्या अण्णांच्या शर्टाची बटणपट्टी बायकांच्या ब्लाउजसारखी उलट्या बाजूला होती. घड्याळ उजव्या हातात. निगेटिव्ह मी पालथी ठेवली होती. अर्ध्या मिलिमीटरसाठी पत्रा फेकून देणारी मी, तिची कुठली बाजू वर हे बघितलंच नव्हतं! स्टिअरिंग आपल्याकडे उजवीकडेच असतं म्हणून ते बरोबर बसलं. पण मडगार्डातली स्टेपनी, जिच्यासाठी खोलगट जागा ठोकून काढायला मला महिना लागला, ती डाव्या बाजूला गेली होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

दुरुस्त करायचं म्हणजे दोन्ही मडगार्डं कापायची, नवी ठोकायची, पुन्हा रंग. दोन महिने तरी. आदल्याच दिवशी अण्णांनी समोरचा पाण्याचा पेला चाचपून शोधला होता. शेवटी मी ठरवलं, कुणाला कळणार आहे? चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली. दुपारी गाडी खाली नेली.

अण्णांनी ती खिडकीपाशी मागितली. मान हळूहळू फिरवत एकेक तुकडा बघायला लागले. आधी दिवे, मग जाळी. "हँडलसुद्धा केलंयस की गं," म्हणाले आणि हसले. किती दिवसांनी ते तसे हसले होते. मग त्यांचा हात उजव्या मडगार्डावर गेला, पुढे गेला, परत आला.

"स्टेपनी?"

"डावीकडे आहे अण्णा."

"डावीकडे?"

"हो. फोटोत तशीच आहे."

त्यांनी डावीकडे हात नेला, स्टेपनीवर ठेवला. मग म्हणाले, "सरी, बरं. माझ्या डोक्यात ती उजवीकडे होती. डोळे गेले तर गेले, आतलं सगळं जागेवर आहे म्हणून मी निश्चिंत होतो. म्हणजे तेही चाललं."

मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती. मी त्यांचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं. निगेटिव्ह, बटणं, रंग, आणि दाखवायची घाई का केली तेही. रडू आवरलं नाही.

"म्हणजे उजवीकडेच होती?"

"उजवीकडेच होती. तुमचंच बरोबर आहे."

त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. गाडी दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवली.

"मग काप. नीट कर."

"अण्णा, दोन महिने लागतील."

"लागू देत."

"पण तोवर..."

"तोवर नाही दिसलं तर हात लावून बघेन," ते म्हणाले. "पण हात उजवीकडे गेला की ती तिथं पाहिजे."