एका टाइपरायटरवर दोघी

ईशान, मीरा — हे मी तुमच्या आजोबांनासुद्धा कधी सांगितलं नाही. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवणारी तुमची आजी, पण या एका गोष्टीला तिने घरात कुठेच जागा दिली नाही.

मीरा, परवा फोनवर पहिल्या पगाराबद्दल किती भरभरून बोलत होतीस! मग विचारलंस, आजी, तुला पहिली नोकरी कशी मिळाली? मी म्हणाले, टायपिंग येत होतं म्हणून. ते खोटं नाही. पण तेवढंच खरं आहे का?

साठच्या दशकात लक्ष्मीपुरीत एक जिना चढून वर टायपिंगचा क्लास होता. पुरी फी परवडत नसे, म्हणून मी आणि शमीम एकच तास वाटून घ्यायचो — अर्धा वेळ ती टाइप करणार, मी मजकूर वाचणार, मग उलट. शमीम शिंप्याची मुलगी. माझं इंग्रजी शाळेने दिलेलं. तिने मात्र रद्दीतली वर्तमानपत्रं मोठ्याने वाचून स्वतः मिळवलेलं. ओळ संपली की मशीनची घंटी वाजे आणि ती म्हणे, "चल की, गाडी सुटली!"

ती घंटी — अजून कधी कधी दुपारी ऐकू येते मला.

शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडतीवर इंग्रजी पत्रव्यवहारासाठी मुलगी हवी होती. क्लासच्या सरांनी आम्हा दोघींनाही पाठवलं. तिला नोकरीची गरज होती. तिच्या वडिलांना सुईत दोरा ओवता येईनासा झाला होता. मला? मला फक्त केसांच्या रिबिनीसाठी दर वेळी वडिलांपुढे हात पसरायचा नव्हता.

आधी ती आत गेली, मग मी. मालकांपुढे दोघींनी टाइप केलेले कागद होते. तिचा स्वच्छ. माझ्यात एक अक्षर खोडलेलं. "ती पोरगी बी झकास हाय की," मालक म्हणाले. "पर टिकंल का? आमी शिकवायचं, आन् ह्यांनी लगीन करून जायाचं, आसं न्हाय चालायचं."

मी काय म्हणाले असेन?

म्हणाले, "तिचं लग्न ठरलंय."

ठरलं नव्हतं. कुणी बघायलाही आलं नव्हतं. मालक एवढंच म्हणाले, "मग तू ये सोमवारपासनं." शमीम बाहेर गुळाच्या ढेपांशेजारी माश्या वारत उभी होती. माझा चेहरा बघूनच तिने माझे दोन्ही हात धरले.

पण मला सांगायचं आहे ते एवढंच नाही. एवढंच असतं तर कदाचित याआधीच सांगितलं असतं.

पहिला पगार आईने देवापुढे ठेवला आणि त्यातलं थोडं माझ्या हातावर दिलं. मी शमीमला घेऊन रंकाळ्यावर गेले. "आज पगारवाली खिलवणार!" म्हणत तिने भेळेत जास्तीची मिरची मागून घेतली. माझ्या अंगातला ब्लाऊज तिनेच शिवून दिलेला, नोकरीवर नीटनेटकं दिसावं म्हणून. स्वतःच्या कमाईतून दुसऱ्याला खाऊ घालण्याचं सुख मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. तसं सुख पुन्हा शोधलं मी — कितीतरी पगारांत.

भेळ संपता संपता, पाण्याकडे बघत तिने विचारलं, "खरं सांग गं, माझं काय कमी पडलं?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? दुसऱ्या दिवशी तिने अडतीवर जाऊन मालकांना खरं सांगितलं असतं. माझी नोकरी गेली असती — एवढंच. मी कागदाचा द्रोण चुरगळला आणि म्हणाले, "तुझं इंग्रजी."

तिने मान हलवली. रागाने नाही — समजल्यासारखी. "व्हय, त्ये हायच की," म्हणाली आणि हसली.

त्यानंतर ती क्लासला आली नाही. वडिलांच्या शिलाई मशीनवर बसली. तिच्या वाटचा अर्धा तास मग मीच वापरत होते. पुढे तिच्या घरच्यांनी दुकान हलवलं — कुणी म्हणे इचलकरंजीला, कुणी म्हणे जयसिंगपूरला. मी चौकशी केली नाही. भेटली असती तर काय बोलले असते?

त्या नोकरीवर माझं पुढचं शिक्षण झालं. त्या शिक्षणावर तुमच्या आईचं. आणि तुम्ही आज आहात तिथे आहात.

मीरा, तुझ्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर हे आहे. शमीमचं इंग्रजी चांगलं होतं. माझ्यापेक्षा चांगलं होतं.