भिंतीमागचा शाडू

विश्राम प्रधान, म्हणजे आमचे विश्रामकाका, हे शहाडच्या आमच्या सोसायटीतले सगळ्यात जास्त शिकलेले आणि त्याहून जास्त शिकवणारे गृहस्थ. मी त्यांच्या समोरच्या दारात राहते, त्यामुळे कढीपत्त्याला ताक कधी घालावं इथपासून लिफ्टचं दार कसं लावावं इथपर्यंत सगळं मला फुकट शिकायला मिळालंय. नोकरीत ते एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. आलेल्या मालाचा नमुना तपासायचा आणि पास की नापास ते सांगायचं, हे काम त्यांनी जन्मभर केलं. निवृत्त झाले तरी ती सवय सुटली नाही. हेमाकाकूंच्या आमटीलाही रोज पास व्हावं लागतं.

माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला त्यांचा राग येणार आहे. मलाही आला होता.

आमची इमारत उंचावर आहे. मागे बाग, बागेपुढे उतार आणि उताराच्या पायथ्याशी बैठी चाळ. पूर्वी दर पावसाळ्यात बागेतली माती घसरून चाळीच्या बोळात जायची आणि चाळीतल्या बायका आमच्या नावाने शंख करायच्या. काकांनी कमिटीच्या मागे लागून तिथे भिंत घालायचं ठरवलं आणि काम दिलं चाळीतल्याच विठ्ठलला. विठ्ठल मूळचा माणगावकडचा, गवंडी. आईबरोबर, गंगुबाईंबरोबर राहतो. बोलायला कमी, कामाला चोख.

त्याने पाया चांगला खोल खणला, तळाला दगड ठोकून बसवले, पहिला थर जमिनीखाली गाडला. भिंत सरळसोट न उठवता किंचित मागे, मातीकडे रेलती ठेवली. पाठीमागे हातभर रुंद खडी भरली आणि तळाशी जागोजाग पाइपाचे तुकडे बसवले. मुरलेलं पाणी खडीतून उतरायचं आणि पाइपातून बोळाच्या गटारात जायचं. काका छत्री उघडून दिवसभर तिथे उभे असायचे. पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला ते भिंत दाखवून सांगायचे, ‘‘माती भिंत पाडत नाही, अडलेलं पाणी पाडतं.’’ ऐकणाऱ्याला वाटावं, थापी यांच्याच हातात होती.

त्याच वर्षी गणपतीत काकांना आणखी एक कल्पना सुचली. नदी कशाला खराब करायची? सगळ्यांनी शाडूच्या मूर्ती आणायच्या, बागेत मोठा निळा ड्रम ठेवायचा, त्यात विसर्जन करायचं आणि विरघळलेला गाळ बागेतच झाडांना घालायचा. बाप्पा आपल्याच बागेत राहतो, असं काका म्हणायचे, आणि ते ऐकून सगळ्यांना भरून यायचं. खालच्या चाळीलाही त्यांनी आग्रहाने बोलावलं. विठ्ठल दरवर्षी डोक्यावर पाट घेऊन वर यायचा, आणि काका त्याच्या मूर्तीला पहिला मान द्यायचे.

गाळ ओतायची जागाही काकांनीच नेमून दिली होती. भिंतीच्या कडेचा जास्वंदीचा वाफा. का, तर तिथे पाणी लगेच मुरतं, चिखल साठत नाही. खरंच मुरायचं. दरवर्षी ड्रमामागून ड्रम आम्ही तिथे रिकामे केले आणि टाळ्या वाजवून पेढे खाल्ले.

गेल्या आषाढात ती भिंत पोटाशी फुगली. काकांनी पाहिलं, कमिटीला सांगू म्हणाले, आणि राहिलं. मग एका दुपारी संततधार लागलेली असताना मधला भाग धाडकन बोळात आला. चाळीचा धुण्याचा दगड त्याच्याखाली गेला. गंगुबाई त्या दगडावरून नुकत्याच उठून पिळे वाळत घालायला आत गेल्या होत्या.

कोणाला लागलं नाही, पण सगळे हादरले. रविवारी मीटिंग झाली. सगळे काकांच्या तोंडाकडे बघायला लागले, आणि काकांनी त्यांच्या सवयीने निकाल दिला. ‘‘खडी पूर्ण भरलेली नसणार. आपली पाठ वळली की ही माणसं वरवर काम उरकतात.’’

विठ्ठल दारापाशी उभा होता. ‘‘काका, खडी टाकलेली मी. तुम्ही होतात ना तिथं.’’

‘‘सगळा वेळ थोडाच होतो मी?’’ काका म्हणाले.

दिवसभर छत्री घेऊन उभे असलेले काका आम्ही सगळ्यांनी पाहिले होते, पण भिंत पडली होती हेही खरं होतं. तेवढ्यावर त्याचा हात खोटा ठरला.

यापुढचं मला हेमाकाकूंनी सांगितलं, आणि काका समोर खाली मान घालून बसले होते.

मीटिंगनंतर दोन-तीन दिवसांनी पाऊस जरा थांबला, तेव्हा काका जास्वंदीची रोपं वाचवायला कुदळ घेऊन पडलेल्या जागी उतरले. भिंत गेली होती आणि तिच्यामागचा उभा काप उघडा पडला होता. खडी होती. पार तळापर्यंत, विठ्ठलने सांगितली तशी, हातभर रुंद. पण दोन खड्यांमध्ये फट म्हणून उरली नव्हती. लाडवात बेदाणे रुतावेत तशी खडी राखाडी, गुळगुळीत, घट्ट मातीत रुतली होती. काकांनी ती बोटांनी चुरली. बागेची माती लाल, ही शाडू. पाइपाच्या तोंडातही तोच बोळा. त्यांनी काडीने कोरला, तर आतून एक बारका मोती निघाला. हेमाकाकू दरवर्षी मूर्तीला मोत्यांचा हार घालतात आणि काढताना एखादा मणी हमखास राहून जातो.

पाणी तिथे लगेच का मुरायचं, हे काकांना त्या क्षणी कळलं. ते थेट खडीत उतरत होतं, आणि जाताना बरोबर बाप्पाची माती नेत होतं. वर्षानुवर्षं आम्ही त्या भिंतीचा श्वास बुजवत होतो, आणि जागा दाखवत होते काका.

त्यांनी मोती खिशात टाकला, कापावर दोन घमेली लाल माती ढकलली आणि वर आले.

त्या दिवसापासून आमटी पास-नापास न होताच संपू लागली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं. मी जिन्यात सहज ‘‘काका, बाग काय म्हणते?’’ विचारलं तर दचकून म्हणाले, ‘‘का? काय झालं?’’ चाळीच्या बाजूची खिडकी त्यांनी बंद करून टाकली. काकूंना सांगितलं डास येतात.

धुवायला काढलेल्या शर्टात काकूंना मोती सापडला. त्यांनी विचारलं आणि काकांनी सगळं सांगितलं. सांगितल्यावर म्हणाले, ‘‘पण बाप्पामुळे भिंत पडली असं लोकांना कसं सांगू? श्रद्धेचा प्रश्न आहे, हेमा.’’

काकू तशा शांत. पण त्या दिवशी म्हणाल्या, ‘‘बाप्पाला पुढे करू नका. बाप्पाने नव्हती जागा नेमून दिली.’’

तरीही काका गप्प राहिले. आज सांगतो, उद्या सांगतो करत गणपती आले.

दीड दिवसाच्या विसर्जनाला निळा ड्रम पुन्हा बागेत आला, पडक्या जागेपासून जरा लांब. विठ्ठल येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. पण आला. पाट डोक्यावर, मागे गंगुबाई. सगळ्यांच्या मागे उभा राहिला. महेंद्र, आमचा सेक्रेटरी, म्हणाला, ‘‘काका, सुरू करा आरती.’’

काकांनी निरांजन उचललं आणि परत खाली ठेवलं.

‘‘आधी ऐका,’’ ते म्हणाले. ‘‘विठ्ठलने खडी पूर्ण भरली होती. मी पाहिली आहे. आपण जो गाळ ओतत आलो, त्याने ती बुजली आणि पाणी अडलं. ती जागा मी दाखवली होती. भिंत विठ्ठलमुळे पडली नाही, माझ्यामुळे पडली. विठ्ठल, माझं चुकलं. मला माफ कर.’’

झांजा हातातच राहिल्या. विठ्ठलने पाट हळूच खाली ठेवला.

‘‘कधी कळलं तुम्हाला?’’

काकांना खोटं बोलता आलं असतं. ‘‘महिना होऊन गेला,’’ ते म्हणाले.

‘‘महिना,’’ विठ्ठल म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. ‘‘मला वाटलेलं, माझंच काय तरी चुकलं. माझ्या हातची भिंत माझ्या आयेवर पडली असती, हेच डोक्यात. टिटवाळ्याला बागेच्या भिंतीचं काम आलेलं, ते सोडलं मी. ओळंबा धरला की हात कापायचा. तुम्ही वर खिडकी लावून बसलेलात, काका.’’

गंगुबाई एवढंच म्हणाल्या, ‘‘मी सांगत होते ना रे तुला.’’

विठ्ठलने पाट उचलून पुन्हा डोक्यावर घेतला. ‘‘चल आये, नदीवर जाऊ.’’

ते दोघं उतारावरून खाली गेले. आम्ही आरती म्हटली, पण ती आरतीसारखी झाली नाही.

दिवाळीनंतर काका स्वतः चाळीत गेले आणि दारात उभं राहून भिंत पुन्हा बांधशील का विचारलं. विठ्ठलने बांधली. जुनी खडी काढून नवी भरली, खडी आणि माती यांच्या मध्ये गाळ अडवायला जाड कापड घातलं. काका या वेळी छत्री घेऊन उभे राहिले नाहीत. आता शाडूचा गाळ आम्ही वाळवून पेणच्या मूर्तिकाराकडे परत पाठवतो.

यंदाही काकांनी विठ्ठलला विसर्जनाला बोलावलं. ‘‘असू दे काका. आयेला नदीच बरी वाटते,’’ तो म्हणाला आणि पाट घेऊन फाटकावरून पुढे गेला.

भिंत मात्र उत्तम आहे. पाऊस लागला की काका बोळात उतरतात आणि एकेका पाइपाखाली हात धरून बघतात, पाणी स्वच्छ येतंय ना. शेवटचा पाइप विठ्ठलच्या दारासमोर आहे. तिथे ते जरा जास्त वेळ थांबतात. दार उघडं असतं, आत विठ्ठल असतो, गंगुबाई असतात. पूर्वी त्या आतूनच ‘‘या की काका, चा घ्या’’ म्हणून हाक मारायच्या.