मावशीने न घेतलेला तुकडा

आमच्या मंडळीला माफ करायला तीन दिवसही लागले नाहीत. चर्चच्या गळक्या छपरावर नवे पत्रे घालायचं ठरवायला याच मंडळीने सहा वर्षं घेतली होती. माझ्याबरोबर गाणाऱ्या दोघी बहिणी एका माइकच्या भांडणावरून अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. पण एक मुलगा रविवारी सकाळी बंदूक घेऊन आला, त्याने माझ्या मावशीच्या नवऱ्याला दारात गोळ्या घातल्या, आणि काकांना माती देण्याआधीच पाळकसाहेब कॅमेऱ्यासमोर सांगून मोकळे झाले की मंडळीने त्याला क्षमा केली आहे, कुटुंबानेही केली आहे.

कुटुंब म्हणजे मावशी. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

काका शाळेची बस चालवायचे आणि रविवारी चर्चच्या दारात गीतांची पुस्तकं वाटायचे. उशिरा येणाऱ्याला म्हणायचे, "सावकाश जा, प्रवचन कुठे पळून जात नाही." त्या दिवशी त्यांनी दार बाहेरून ओढून घेतलं आणि कडी धरून उभे राहिले. म्हणून आतले आम्ही साठ-सत्तर जण वाचलो. मंडळीतला जो तो ही गोष्ट सांगतो, आणि अशा थाटात सांगतो की कडी यानेच धरली होती असं वाटावं.

मावशीचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. एक मशीन, एक आरसा आणि लोकांच्या सुटत चाललेल्या पोटांची खडानखडा माहिती. दुकान पुन्हा उघडल्यावर पहिल्याच गिऱ्हाइकाने तिला माफीची बातमी दिली. ती त्याच्या पायाशी बसून पँटला टाचण्या लावत होती.

"तुम्ही माफ केलंत म्हणे! केवढं मोठं मन!"

मावशीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. "कोण म्हणालं?"

"टीव्हीवर दाखवलं की!"

पँट पुरी करून ती तडक पाळकसाहेबांकडे गेली. मी सोबत होते.

"नवरा माझा गेला," ती म्हणाली. "माफी तुम्ही कशी देऊन टाकलीत?"

"ताई, मंडळी म्हणजे एक कुटुंबच नाही का?"

"कुटुंबाला गोळी लागली नाही. मला माफ करायचंय, साहेब. प्रभूने सांगितलंय, सुटका नाही. पण अजून होत नाहीये. झालं की मी स्वतः येऊन सांगेन. तोवर प्रभूसमोर खोटं कशाला बोलू? त्याला काय कळत नाही?"

पाळकसाहेबांनी मान हलवली. ती समजल्याची होती की मानेत उसण भरल्याची, ते मला सांगता येणार नाही.

आमच्याकडे महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं. पावाच्या तुकड्यांचं ताट बाकाबाकावरून हातोहात मागे जातं. मनात कोणाबद्दल राग असेल त्याने आधी तो मिटवावा आणि मगच तुकडा घ्यावा, असं पाळकसाहेब दर वेळी बजावतात. मला कळायला लागल्यापासून एकानेही ताट नाकारलेलं मी पाहिलं नव्हतं. सगळ्यांची मनं कशी धुतल्या तांदळासारखी! त्या दोघी बहिणीसुद्धा एकमेकींच्या हातात ताट देतात, फक्त बघत नाहीत.

मावशीने घेणं बंद केलं. ताट आलं की पुढे सरकवायची. मी शेजारून बघायचे, तिचा हात जागचा हलायचा नाही, पण नजर ताटामागे जायची. तिला भूक होती त्या तुकड्याची, आमच्या कोणाहीपेक्षा जास्त. आणि बायका काय बोलायच्या? "हिचा विश्वास डळमळला."

वर्ष झालं तेव्हा पाळकसाहेबांनी स्मरणाची उपासना ठेवली. कॅमेरे येणार होते. आदल्या दिवशी साहेब स्वतः दुकानात आले. "उद्या तेवढा तुकडा घ्या, ताई. लोक विचारतात. जगापुढे साक्ष जाते."

"झालं तर घेईन," मावशी म्हणाली आणि मशीन चालू केलं.

पाळकसाहेबांनी आणखी एक काम केलं होतं. त्या मुलाच्या आईला, शाळेत साफसफाई करणाऱ्या बाईला, पत्र पाठवलं होतं की मंडळीची दारं तुमच्यासाठी उघडी आहेत. पत्र पेपरात छापूनही आणलं. त्या बिचारीने ते खरं मानलं. एके काळी ती याच चर्चमध्ये यायची. स्मरणाच्या त्या रविवारी ती आली, पत्राची घडी हातात धरून, आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसली. त्या बाकावर आधी चौघं होती. एकीला अचानक वारा लागेना, एकाला नीट ऐकू येईना, उरलेली दोघं काहीच न बोलता उठली.

ताट निघालं. मी तुकडा घेतला आणि ताट मावशीला दिलं. कॅमेरा तिच्यावर रोखलेला. तिने ताट पुढे सरकवलं. पाळकसाहेबांचा चेहरा पडला. ताट मागे जात राहिलं. शेवटून दुसऱ्या बाकापाशी ते मंडळीच्या थोरल्या पंचांच्या हातात आलं. त्यांनी रिकाम्या बाकावरच्या त्या एकट्या बाईकडे पाहिलं, घसा खाकरला आणि ताट घेऊन माघारी वळले.

मावशी उठली. मधल्या वाटेने चालत गेली आणि पंचांसमोर उभी राहिली.

"द्या इकडे."

"ताई, आता..."

"द्या म्हणते ना!"

ताट घेऊन ती मागच्या बाकाशी गेली. ती बाई धडपडत उभी राहिली.

"बस. घे."

"तुम्ही कुठे घेतलात?" ती बाई कशीबशी म्हणाली. "मी कुठल्या तोंडाने घेऊ?"

"तुझ्या पोराला माफ करणं मला अजून जमलेलं नाही," मावशी म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं. "म्हणून मी घेत नाही. तू माझं काय केलंयस? घे."

बाईने तुकडा घेतला. मावशी ताट मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसली आणि उपासना संपेपर्यंत तिथेच राहिली. टीव्हीवर यातलं काही दाखवलं नाही.

त्या बाकाकडे आणखी कोणी गेलं नाही. मीही नाही. माझा तुकडा केव्हाच गिळून झाला होता.