पाचशेची लेन्स, सहा फुटांवर वाघीण

कुंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. ‘भाऊजी, हे गेले,’ त्या म्हणाल्या, आणि मी म्हणालो, ‘अच्छा.’ चाळीस वर्षांचा मित्र गेला आणि माझ्या तोंडातून निघालं काय, तर अच्छा! जबलपुरात जन्म काढला की हा शब्द आपोआप बाहेर पडतो, हे खरं. पण त्या दिवसापासून स्वतःची जीभ हासडावीशी वाटते आहे. श्रीकांत आमच्याच मदन महल भागात राहायचा, दोन गल्ल्या सोडून, आणि आम्ही एकमेकांशी बोललो त्याला दोन वर्षं झाली होती. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं...

रांझीच्या फॅक्टरीत मी तोफा जोडणाऱ्या विभागात होतो, तो तपासणीत. आम्ही केलेला माल तो मोजायचा आणि त्याला दोऱ्याने खाकी चिठ्ठी बांधायचा : वस्तू, तपासणी, शेरा. नापास असेल तर लाल पेन्सिल. ज्याची सही, त्यानेच शेरा बदलायचा, असा तिथला नियम. मोठा साहेब आला तरी त्याला हात लावता येत नसे. रिटायर झाल्यावर त्याने घरातही चिठ्ठ्या सुरू केल्या. छत्रीला चिठ्ठी, कुकरला चिठ्ठी. आमच्याकडून दिवाळीला गेलेला चकल्यांचा डबा परत आला तो चिठ्ठीसकट : ‘नापास. दात शाबूत हवेत.’ माझी बायको आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही, आणि हा रोज संध्याकाळी येऊन तिच्याच हातचा चहा पीत होता.

मग डॉक्टरांनी त्याला सांगितलं, दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब होत चाललेत. त्याने कुरकुर केली नाही. म्हणाला, ‘कान्हा इथून चार तासांवर आहे न अव्या, अन् मी आजवर एक वाघ नाही पाहिला. दिसते तोवर एक पाहायचा. अन् फोटो मीच काढायचा.’ तिथून लेन्सचा शोध सुरू झाला. बाटलीत वाळू भरून ती डोळ्यापुढे धरून बसायचा, हात किती वेळ थरथरत नाही ते बघायला. त्याचं मन शंभर ते चारशे मिलिमीटरच्या झूमवर बसलं होतं. दूरचं येतं, जवळचंही येतं. ‘जनावर कुठून येईल ते आपण थोडीच ठरवतो?’ तो म्हणायचा. मी पडलो शहाणा! ‘काहून बच्चों जैसी बात करून राहिला बे? तोफेत आपण काय पाहतो? रेंज! पाचशेची फिक्स घे. वाघ काय तुझ्या मांडीवर येऊन बसणार आहे?’ मी स्वतः तोवर एकदाही सफारीला गेलो नव्हतो. पण तोफा जोडण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला जे लांब पोचतं तेच चांगलं वाटतं. नागपूरच्या दुकानदाराने स्पष्ट सांगितलं होतं, हिला झूम नाही आणि पंधरा फुटांच्या आतलं काही नीट दिसणार नाही. श्रीने माझ्याकडे पाहिलं. ‘घे,’ मी म्हणालो. कान्हाला निघताना त्याच्या हातात कॅमेऱ्याची साधी लेन्स होती, तीही मीच घरी ठेवायला लावली. म्हटलं, जिप्सीत धूळ उडते, बदलत कुठे बसशील?

सकाळची फेरी होती. वळणावर चितळ ओरडलं, जिप्सी थांबली आणि बांबूतून वाघीण निघाली ती सरळ आमच्या चाकाशेजारून चालत आली. सहा फूट! श्रीने लेन्स उचलली. आतला फोकस घरघर करत पुढे-मागे धावत होता, लागत नव्हता. ‘पूरा पीला दिख रहा है, अव्या... पूरा पीला,’ तो कुजबुजला. गाइड म्हणाला, ‘दादा, कैमरा हटाओ, आँख से देख लो.’ पण माप लागेपर्यंत यंत्र सोडायचं नाही, ही त्याची तपासणीतली सवय. त्याने मान वर केली तेव्हा वाघीण झाडीत शिरली होती. आणि मी? मी खिशातला नातीचा चिमुकला कॅमेरा काढून तीन फोटो घेतले होते.

गणपतीत आमच्या मराठी मंडळाच्या प्रदर्शनात माझ्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. कुणीतरी विचारलं, लेन्स कोणती होती? मी माइकवरून म्हणालो, ‘लेन्स श्रीकडे, वाघ माझ्याकडे!’ हॉल हसला. श्रीही हसला, त्याने टाळ्याही वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून तो चहाला आला नाही. पुढे एकदा तो बाजारात दिसला, काळा चष्मा लावलेला, वहिनींचा हात धरून चालणारा, आणि मी स्कूटर वळवली. मी भित्रा निघालो. पण तू रे, श्री? जन्मभर लोकांचा माल तोंडावर नापास केलास, मला एक शिवी घालायला काय झालं होतं? या लेखासोबत छापायला पुरवणीवाल्यांनी तो वाघिणीचा फोटो मागितला होता. मी दिलेला नाही.

तेरावा झाल्यावर वहिनींनी बोलावलं. त्याच्या खोलीत टेबलावर लेन्सचा डबा होता. ‘तुम्हीच घेऊन जा भाऊजी. शेवटी काही दिसत नव्हतं यांना, तरी रोज पुसत बसायचे.’ मी घरी आणून डबा उघडला. लेन्सला खाकी चिठ्ठी बांधलेली होती, तारीख आम्ही ती नागपूरहून आणली त्या दिवसाची. मी लाल अक्षर शोधत होतो. मला ते हवं होतं. अक्षर निळं होतं. ‘वस्तू : पाचशेची लेन्स. तपासणी : केली नाही. शेरा : अव्याच्या शब्दावर पास.’ खाली सही.

चाळीस वर्षांत न तपासता त्याने पास केलेली ही एकच वस्तू असेल. नंतरची दोन वर्षं ती रोज त्याच्या हातात होती आणि लाल पेन्सिल त्याच डब्यात होती, टोक केलेली. मी ती उचलली. माझ्या नावावर काट मारून नापास लिहावं, असं फार वाटलं. पण शेरा बदलायचा हक्क ज्याची सही त्याचा. मी पेन्सिल डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.