कांद्याची होडी आणि अण्णा

माझे सासरे बँकॉकजवळच्या कालव्यात पडले, ते माझ्यामुळे. लासलगावात मात्र दोष कांद्यावर गेला, आणि मी तो जाऊ दिला.

मी स्वतःला नावाडी समजायचो. गंगापूर धरणावर एका मित्राची होडी होती. रविवारी मी ती वल्हवायचो आणि सासुरवाडीत 'धरणावरचा माणूस' म्हणून मिरवायचो. पुढे नाशिकची निम्मी कुटुंबं टूरवाल्यांबरोबर बँकॉकला जाऊ लागली, तेव्हा आम्हीही निघालो. मी, बायको सुनंदा आणि तिचे वडील अण्णा, लासलगावचे कांद्याचे व्यापारी.

तिथल्या होड्या बघून मी हरखलोच! एका जातीच्या होडीच्या नाकाला फुलांच्या माळा आणि रंगीत फडकी, मागे मोटारीचं उघडं इंजिन आणि त्यातून पाण्यात गेलेला लांबलचक दांडा. आवाज असा की अण्णा ओरडून म्हणाले, "जावईबापू, ह्यो तर ट्रॅक्टर हे! चाकं लावायची इसरले!"

तरंगत्या बाजारातल्या होड्या मात्र शेवग्याच्या शेंगेसारख्या. (अण्णा बसले आणि शेंग भरली.) मागे वल्हं घेऊन बसलेल्या बाईला मी खुणेनं उतरायला सांगितलं. ती जोरजोरात मान हलवायला लागली.

"अहो, ती नको म्हणतेय," सुनंदा म्हणाली.

"अगं, मी धरणावरचा माणूस!"

तिला काठावर ठेवून वल्हं मी घेतलं. सुरुवात बरी झाली. आंब्यांची होडी गेली, तळलेल्या केळ्यांची गेली. आणि समोरून आली लाल कांद्यांनी भरलेली होडी!

कांदा दिसला की अण्णांचा हात थांबत नाही. दाबायचा, देठाकडची मान बघायची, वास घ्यायचा.

"अण्णा, बसा!"

"थांब गं. एवढूसा कांदा? आपल्याकडं गोल्टी म्हणून बाजूला टाकत्यात!" असं म्हणत अण्णांनी एक पाय कांद्याच्या होडीत ठेवला. दुसरा आमच्या होडीत होता. कांद्याची होडी हळूहळू आमच्या मागच्या बाजूला सरकू लागली.

"जावईबापू, मागं घ्या!"

मी वल्हं ओढलं. फट वाढली.

"अहो, मागे!" सुनंदा किंचाळली.

मी आणखी जोरात ओढलं. अण्णा उघड्या अडकित्त्यासारखे दिसू लागले.

धरणावर आपण होडीच्या शेपटाकडे तोंड करून बसतो. वल्ही ओढली की होडी आपल्या पाठीच्या दिशेनं जाते. इथे माझं तोंड पुढे होतं, ओढलं की होडी पुढेच जायची! अण्णांना वाचवायला मी जितका जोर लावत होतो, तितका त्यांच्यापासून लांब पळत होतो.

धप्प!

छातीभर पाण्यातून अण्णा वर आले तेव्हा हातात कांदा होता. "वला हे," एवढंच म्हणाले.

परत आल्यावर कुणी विचारलं की मी सांगायचो, "कांद्याला भुलले आणि तोल गेला." सगळे हसायचे. अण्णांनी मला कधी उघडं पाडलं नाही. मग मार्केट यार्डात लिलावाच्या वेळी लोक म्हणू लागले, "अण्णा, कांद्याच्या ट्रॉलीपासून लांब! बुडाल!"

एक दिवस सुनंदा माहेराहून आली ती हिरमुसली होऊन. "अण्णा आता कांदा हातात घेत नाहीत हो. लांबून बघतात आणि बोली लावतात."

रात्रभर मला झोप नाही. सकाळी तिला गाडीत बसवून थेट लासलगाव गाठलं. लिलाव चालू होता. मी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि ओरडलो, "अण्णांचा तोल गेला नव्हता! मी वल्हं उलटं मारलं. वर खोटं बोललो. अण्णा, मला माफ करा!"

मग एक व्यापारी म्हणाला, "आन् म्हणं, धरणावरचा माणूस!"

सगळं यार्ड हसलं, या वेळी माझ्यावर. अण्णांनी जवळच्या ट्रॉलीतला एक कांदा उचलला, दाबला, मान बघितली, वास घेतला. मग माझ्यापुढे हात केला.

"गाडीची किल्ली द्या."

"का हो, अण्णा?"

"घरला जायचं हे. पोरगी बी संगं हे. तुमचं तोंड पुढं असलं की लय भ्या वाटतं."

मी किल्ली दिली, मागच्या सीटवर बसलो आणि त्यांच्या पाठीकडे बघून पुन्हा एकदा माफी मागितली. तेवढं एक मला बरोबर दिशेला जमलं.