बोटांनी तपासलेली माळ

वायरमनकाकांच्या घरात नाताळचा शिरस्ता ठरलेला होता. काकूंनी केक भट्टीत ठेवायचा आणि तो भाजून होईपर्यंत काकांनी जेवणाच्या टेबलावर दिव्यांची माळ पसरून एकेक दिवा तपासायचा. माळ अठ्ठेचाळीस दिव्यांची, लग्नाच्या पहिल्या वर्षी काकांनी स्वतःच्या हाताने जोडलेली. केक बाहेर आला की माळ दारावर चढायची. "तुमच्या माळेपायी माझा केक करपेल एखाद्या वर्षी," काकू म्हणायच्या. "करपू दे, रंग तसाही काळाच," असं म्हणून काका स्वतःच मोठ्याने हसायचे. माणूस थट्टेखोर. चाळीस वर्षं लोकांच्या भिंतींतून वायरी ओढल्या, खांबांवर चढले, दोनदा शॉक खाल्ला, पण तोंडाचा पट्टा कधी थांबला नाही.

यंदा काकू बोलत नव्हत्या. आठ महिन्यांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू आणि वाचा एका सकाळीत गेली. डोकं मात्र शाबूत राहिलं. डोळे एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही, ही खूण मुलीने शिकवली, आणि मग तिने बापालाही बजावलं, "बाबा, जमत नसेल तर सरळ सांगा. आईला मी नेते. पण माझं घर एवढंसं, तिथे दोघांची सोय नाही व्हायची."

"न जमायला काय धाड भरलीय मला?" काका म्हणाले होते.

धाड भरली होती, आणि ती डोळ्यांना. काचबिंदू. डॉक्टरांकडे गेले तोवर हातात काही राहिलं नव्हतं. आता खिडकीतलं ऊन आणि भिंतीची सावली एवढाच फरक कळायचा. काकांनी कोणाला पत्ता लागू दिला नाही. हे कळलं की दुसऱ्या दिवशी काकू जाणार, एवढा साधा हिशेब होता, आणि काकूंशिवायच्या घराची त्यांना लहान मुलासारखी भीती वाटायची.

घर त्यांना पाठ होतं. पलंगापासून ओटा नऊ पावलं, ओट्यापासून मोरी चार. दूध वर येताना कसा आवाज करतं ते कानाला कळायचं. "डोळे कसले मिटतेस, हात दाब. तेवढाच तुझा हात माझ्या हातात राहतो," असं त्यांनी काकूंना सांगून टाकलं, आणि काकू डाव्या हाताने दाबू लागल्या. औषधांच्या दोन डब्या होत्या. फिरकीच्या झाकणाच्या डबीत रक्तदाबाची जाड गोळी, सकाळ-संध्याकाळ. दाबाच्या झाकणाच्या डबीत झोपेची बारीक गोळी, फक्त रात्री. नवीन औषधं आली की काका पाकिटं फोडून गोळ्या बोटांनी निवडायचे आणि डब्यांत भरायचे. अडत काहीच नव्हतं. अलीकडे काकू दिवसभर पेंगायच्या आणि त्यांचे पाय सुजले होते, पण काकांनी ते थंडीच्या माथी मारलं.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी मुलगी केक करायला आली. काकूंना तिने ओट्याजवळ खुर्चीत बसवलं. साखर पुरे का, लोणी फेटलं गेलं का, सगळं आईच्या डोळ्यांना विचारून केलं. केक भट्टीत गेला तसे काका बाह्या सरसावून टेबलाशी बसले. खोका उघडला, माळ पसरली, पिन प्लगमध्ये घातली, बटण दाबलं.

काकांची पद्धत सोपी होती. पेटलेला दिवा गरम लागतो आणि गेलेला गार. मागच्या वर्षी, नजर धूसर व्हायला लागली तेव्हा, त्यांनी याच रीतीने अख्खी माळ तपासली होती. आता त्यांनी पहिला दिवा चिमटीत धरला. गार. दुसरा गार. दहाव्या दिव्यापर्यंत गेले, सगळे गार.

"गेली गं," ते म्हणाले. "अख्खी माळ गेली. एक दिवा लागेल तर शपथ."

मुलगी हसली. जुन्या माळेची वायर तडकली होती, म्हणून तिने हुबेहूब तशीच, तेवढ्याच आकाराच्या दिव्यांची नवी माळ गुपचूप खोक्यात ठेवली होती. आतले दिवे नव्या पद्धतीचे, तासन्तास पेटले तरी तापत नाहीत. टेबलावर अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस दिवे लखलखत होते.

"बाबा, थट्टा पुरे."

"थट्टा कसली? टेस्टर आण."

ती हसायची थांबली. तिने माळेला हात लावला नाही. शेजारचं, कशालाच न जोडलेलं बटण दाबलं. टक् असा आवाज झाला.

"आता?"

"हां, आता लागली," काका घाईघाईने म्हणाले. "बटणच ढिलं होतं."

मग मुलीचा हुंदका ऐकू आला आणि काकांना सगळं कळलं. चाळीस वर्षं बटणांत काढलेला माणूस बटणानेच पकडला गेला.

"कधीपासून?" तिने विचारलं. आणि एकदम उठून ती पलंगाजवळच्या डब्यांकडे धावली. झाकणं उघडली, गोळ्या हातावर घेतल्या, कचऱ्याच्या डब्यातली रिकामी पाकिटं शोधून काढली. तिचा आवाज बदलला.

"बाबा, औषधवाल्याने या वेळी दुसऱ्या कंपनीच्या गोळ्या दिल्यात. यात रक्तदाबाची बारीक आहे आणि झोपेची जाड. एक गुलाबी, एक पांढरी. तीन आठवडे तुम्ही आईला दिवसातून दोनदा झोपेची गोळी देताय!"

पेंगणं, सूज, सगळं एका क्षणात डोक्यात जागेवर बसलं. त्या माणसाने हात जोडले, पण कोणाला ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

मुलगी खुर्चीपाशी गेली. "आई, तुला तर दिसत होतं. गोळ्या चुकतायत, हे तुला कळलं होतं?"

भट्टीत केक करपायला लागला होता, पण कोणी उठलं नाही.

"काय म्हणाली?" काकांनी विचारलं. "अगं, काय म्हणाली ती?"

"हो म्हणाली."

काका चाचपडत खुर्चीपाशी आले आणि खाली बसले. "मग हात का नाही धरलास माझा? डावा हात चालतो ना तुझा? एकदा गच्च धरला असतास, तर कळलं असतं मला!" ते ओरडत होते आणि रडत होते. उत्तर त्यांना ठाऊक होतं. ज्या दिवशी ती हात धरणार, त्याच दिवशी त्यांचं गुपित फुटणार आणि तिला हे घर सोडावं लागणार. म्हणून ती चुकीची गोळी गुपचूप गिळत राहिली.

"बाबा, मी आत्ताच तिला डॉक्टरांना दाखवते, आणि तिथून घरी नेते," मुलगी म्हणाली. "तुमचंही बघू काहीतरी. पण आज नाही."

तिने बॅग भरली. गाडी दाराशी आली. आईला उचलायला ती वाकली, तेव्हा काकूंनी डाव्या हाताने काकांचं मनगट धरलं. गच्च धरलं. मुलीने सोडवून पाहिलं, सुटेना.

"आई, सोड ना गं."

काकांनी दुसऱ्या हाताने ती बोटं चाचपली. आधी करंगळी सोडवली, मग तिच्या शेजारचं बोट, मग मधलं. प्रत्येक बोट पुन्हा मिटत होतं आणि ते पुन्हा सोडवत होते.

"जा," ते म्हणाले. "इथे राहिलीस तर माझ्याच हाताने मरशील."

आणि त्यांनी तिचा अंगठाही सोडवला.